तारखेची तयारी

वाशिम जिल्ह्यातून कॅन्सरच्या रुग्णाला चार वाटा फुटतात. उत्तरेला अकोला, जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. तिथं संत तुकाराम हॉस्पिटल. पूर्वेला नागपूर, तिथं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. पश्चिमेला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. आणि यांपैकी कुठं तरी ‘मुंबईला न्या’ असं कानावर पडलं, किंवा घरच्यांनी आधीच तसं ठरवलं असलं, तर अकोल्याहून रात्रीची गाडी आणि जवळपास सहाशे किलोमीटरवरचं परळचं टाटा. 1998 साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांना किरणोपचारासाठी जिल्ह्याबाहेरच जावं लागतं. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेल्यापासून नागपूर काही तासांवर आलं आहे. रस्ता आखूड झाला, तरी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ होता तेवढाच आहे.

तो वेळ फार थोडा असतो. बाहेर शंभर माणसं ताटकळलेली असतात. आत गेल्यावर डॉक्टर तीन-चार गोष्टी विचारतात, कागद पाहतात, हात लावून तपासतात आणि पुढची दिशा सांगतात. त्या मिनिटांत उपचार पुढं सरकेल की ‘हा रिपोर्ट नाही, घेऊन या’ म्हणून पंधरा दिवस मागं पडेल, हे बहुतेक वेळा घरून निघण्याआधीच ठरून गेलेलं असतं. कॅन्सरमध्ये पंधरा दिवसांना किंमत असते. म्हणून तारखेची तयारी हा उपचाराचाच भाग आहे असं मी मानतो. गावोगाव हे काम कुणी तरी एक भाऊ, एक सून, एक बारावी झालेली पोरगी निगुतीनं करत असते. तिच्या या कामाची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

सुरुवात फाईलपासून. पहिल्या खेपेला नेलेली फाईल बहुधा जाडजूड असते आणि तरी अपुरी असते. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या मलेरियाचा रिपोर्ट असतो, औषधांची बिलं असतात, चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात. पण जे खरं लागतं ते वाशिमच्या किंवा अकोल्याच्या लॅबमध्येच राहिलेलं असतं. गाठीचा तुकडा काढून तपासला की त्याच्या काचेच्या पट्ट्या तयार होतात आणि उरलेला तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात. स्लाईड आणि ब्लॉक म्हणतात ते हेच. मोठ्या केंद्रातले पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्याच्या छापील रिपोर्टवर उपचार सुरू होऊ देत नाहीत. ते काचा स्वतः पाहतात, आणि गरज पडली तर ब्लॉकमधून नवे काप घेऊन आणखी तपासण्या करतात. एकाच अवयवाच्या दोन कॅन्सरना दोन वेगळी औषधं लागू शकतात, आणि तो फरक त्या काचेवरच दिसतो. तेव्हा लॅबमध्ये जाऊन, सही करून, स्लाईड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्यायचे. ते काढून द्यायला लॅबला एक-दोन दिवस लागतात, म्हणून निघायच्या सकाळी जाऊन भागत नाही. काचा डबीत, डबी कापडात, आणि ती सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत. सीटी किंवा एमआरआय झाला असेल तर नुसता कागद पुरत नाही, सीडी किंवा फिल्मही लागते.

इथं एक गोष्ट आग्रहानं सांगायला हवी. ‘आधी गाठ काढून टाकू, मग मोठ्या दवाखान्यात दाखवू’ हा सल्ला आपल्याकडं अजून दिला जातो. स्तनातली किंवा मांडीतली गाठ काय आहे हे न कळता काढली, तर नंतरच्या सर्जनला कडा कुठं होत्या हे समजत नाही आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा मोठी करावी लागते. आधी सुईनं तुकडा, मग निदान, मग काढणं. आणि तुकडा घेतलाच तर तो फॉर्मॅलिनमध्येच ठेवला ना, हे विचारायला लाजू नये. साध्या सलाईनमध्ये राहिलेला तुकडा खराब होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

फाईलचा दुसरा कप्पा पैशाचा. 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणारी योजना आता कुटुंबामागं वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेचं सगळ्यांना ठाऊक असतं. शेतकरी आत्महत्यांमुळं वेगळ्या धरलेल्या 14 जिल्ह्यांत वाशिम असल्यानं इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर योजना लागू झाली, हे मात्र कित्येकांना दवाखान्यात गेल्यावर कळतं. अडतं ते नावावर. आधारवर ‘शांता’, शिधापत्रिकेवर ‘शांताबाई’. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नाव अजून माहेरच्या कार्डावर. जन्मसालात पाच वर्षांचा फरक. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला हे सगळं जुळवून मंजुरी मागावी लागते, आणि न जुळलेला कागद घेऊन पुन्हा तहसीलला यायचं म्हणजे मुंबईहून परत वाशिम. हे आठ दिवस आधी तालुक्यालाच उरकतं. शंका असेल तर योजनेचा 155388 हा क्रमांक आहे. निघण्याआधी फोन लावावा आणि आपण जातोय ते रुग्णालय आपल्या आजारासाठी योजनेत आहे का, एवढं विचारावं.

टाटामध्ये नोंदणीच्या खिडकीवरच जनरल की प्रायव्हेट हे सांगावं लागतं. घाबरलेला मुलगा ‘चांगला इलाज व्हावा’ म्हणून प्रायव्हेट सांगून बसतो. डॉक्टर दोन्हीकडं तेच असतात. बदलतो तो दर आणि सोय. हा निर्णय रांगेत उभं राहून घ्यायचा नसतो, घरी बसून, पुढच्या वर्षभराचा विचार करून घ्यायचा असतो.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सही-शिक्का करून दिलेला ठरावीक नमुन्यातला अर्ज लागतो. पहिल्या भेटीतच तो मागून घेतला तर पुढच्या सगळ्या खेपा हलक्या होतात. एसटीलाही सवलत आहे. राहण्याचा प्रश्न मुंबईत सगळ्यात अवघड. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन ही नावं वाशिमच्या बसस्टँडवरही माहीत असतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाच्या छपराखाली वऱ्हाडातला आजारी माणूस मुंबईत पाठ टेकतो. नागपूरच्या रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराज स्वतः कॅन्सरनंच 1968 साली गेले. आपल्या मुलखाचं या आजाराशी नातं जुनं आहे.

आता तपासणीच्या दिवसांबद्दल. पेट स्कॅनची वेळ चुकली की तंत्रज्ञ नाराज होतात, त्यामागं कारण आहे. शिरेतून दिलं जाणारं औषध म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. तिचा किरणोत्सार दर 110 मिनिटांनी निम्मा होतो. तुमच्या नावानं आलेला डोस तुमची बस उशिरा आली म्हणून थांबत नाही, तो विरत जातो. म्हणून आदल्या रात्रीच शहरात मुक्काम हवा. जाण्याआधी सहा तास पाण्याखेरीज काही घ्यायचं नसतं, गोळीही विचारूनच. मधुमेह असेल तर तारीख घेतानाच सांगायचं, कारण रक्तात साखर जास्त असली की स्कॅन पुढं ढकलतात. आणि आदल्या दिवशी शेतात राबायचं नाही. राबलेले स्नायू ती साखर ओढून घेतात आणि चित्र फसवं येतं. हे शेवटचं शहरातल्या माणसाला सांगावं लागत नाही, रिसोडच्या शेतकऱ्याला सांगावं लागतं. स्कॅननंतर काही तास लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईजवळ बसायचं नाही. सीटीत रंगाचं इंजेक्शन द्यायचं असेल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो. तो वाशिमलाच काढून नेला तर एक दिवस वाचतो. एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, बुगडी तिथल्या दारात काढायची वेळ आली की बाया रडतात. हे घरी आधी सांगितलेलं असलं तर ते दुखणं थोडं कमी होतं.

किमोला मात्र उपाशी जायचं नसतं, आणि बरेच जण जातात. हलकं खाऊन, पाणी पिऊन गेलं तर शीर सापडायला सोपं पडतं. आदल्या दिवशी रक्त तपासून पांढऱ्या पेशींचा आकडा डॉक्टरांना कळवता येतो का, हे पहिल्याच वेळी विचारून ठेवावं. आकडा कमी असला तर अकोल्यापर्यंतची फुकट खेप टळते. आणि किमो सुरू असताना ताप 100.4 वर गेला तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच रात्री दवाखाना गाठायचा. हा एक आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर खूप, आणि त्याचं मूळ खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी पोरं शाळेच्या वयात तोंडात धरतात. हळूहळू तोंड उघडायचं कमी होतं. तीन बोटं उभी आत जात नसतील तर दाखवायची वेळ आली आहे असं समजावं. अशा रुग्णाला लाईट द्यायचे ठरले, म्हणजे किरणोपचार, तर आधी दातांच्या डॉक्टरकडं जावं लागतं. किडलेले दात किरणांआधीच काढायचे, कारण लाईट घेतलेल्या जबड्यातून नंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाड मरतं. काढलेल्या दाताची जखम सुकायला दहा-पंधरा दिवस द्यावे लागतात. हे काम वाशिमला, मंगरुळपीरला होऊ शकतं. त्यासाठी नागपूरला खोली घेऊन बसायची गरज नाही. चेहऱ्याचा साचा घ्यायच्या दिवशी दाढी करून जायचं. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर बसवून साचा बनवतात, आणि नंतर आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे, तोच साचा लावून माणूस टेबलावर निजतो. या काळात वजन फार उतरलं तर साचा सैल होतो, नेम हलतो, साचा पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून खाणं हीही तयारीच. शरीरावर काढलेल्या खुणा घासून धुवायच्या नाहीत.

इतकं सगळं नीट झालं तरी एक तयारी उरते, आणि माझ्या मते ती सगळ्यात अवघड आहे. सोबत कोण जाणार आणि रुग्णाला काय सांगितलेलं असणार? ‘मायले सांगू नोका, ते खचून जाईन’ हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकलं आहे. त्यात प्रेम आहे, शंकाच नाही. पण मग ती माय डॉक्टरांसमोर बसते, बोलतो मुलगा. तिच्या शरीरात काय चाललंय ते तिलाच ठाऊक असतं आणि तीच गप्प असते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर विचारणार, अंगावरून किती दिवस जातंय, वास येतो का, संबंधानंतर रक्त जातं का. मुलासमोर ती याचं उत्तर देत नाही. ‘थोडंसं’ म्हणते. त्या ‘थोडंसं’पायी चित्र अर्धवट राहतं. अशा वेळी सून, बहीण, जाऊ, कुणी तरी बाई बरोबर हवी. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायांना तर आपल्या बोलीत दुखणं सांगणारी आणि डॉक्टरांचं परत समजावणारी नातच लागते. आणि रुग्णाला आजाराचं नाव माहीत असावं. ज्या किडकिडीत हातात सुई जाणार, ज्या अंगठ्यानं संमतीपत्रावर ठसा उमटणार, त्या माणसापासून फाईल लपवून ठेवणं मला पटत नाही. सांगायची रीत हळुवार असू दे, पण सांगावं.

सोबत एक वही असावी. त्यात आदल्या रात्री, सगळ्यांनी मिळून, प्रश्न लिहायचे. आजार कुठवर पसरलाय? इलाज बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? किती महिने, किती खेपा? यातलं वाशिमला काय होऊ शकतं? रात्री काही झालं तर फोन कुणाला? डॉक्टर सांगतात ते तिथंच लिहून घ्यायचं. बाहेर आल्यावर तीन माणसांना तीन गोष्टी आठवतात. रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्यायच्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बायोप्सीआधीच सांगायचं, आणि गावातल्या वैद्याचा काढा चालू असेल तर तोही लपवायचा नाही.

यातलं निम्मं काम जिल्ह्यातच व्हायला हवं, ही माझी मागणी आहे. 2024 साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं आहे. ती येतील तेव्हा किमोच्या खुर्च्यांबरोबर एक टेबल असं मांडावं की तिथं बाहेर जाणाऱ्या रुग्णाची फाईल तपासली जाईल, ब्लॉक मिळाले का पाहिलं जाईल, शिधापत्रिकेचं नाव जुळवलं जाईल, दात दाखवले जातील. त्याला यंत्र लागत नाही. गावातली आशाताई या टेबलाशी जोडली तर मानोऱ्याच्या टोकाच्या तांड्यापर्यंत हे पोचेल.

राहिला प्रश्न शेतीच्या दिवसांचा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग हरभऱ्याची पेरणी, मग तूर. तारीख नेमकी त्यातच येते आणि माणूस म्हणतो, एवढं घरात येऊ दे, मग जातो. किमो आणि लाईटची तारीख अशी सरकवता येत नाही. दोन फेऱ्यांमधलं अंतर औषधाच्या हिशेबानं ठरलेलं असतं आणि मध्येच सोडलेला किरणोपचार आजाराला पुन्हा वाढायला वेळ देतो. तेव्हा सोंगणीला माणसं लावायची, भावकीला हाक द्यायची, पण तारीख पाळायची. उपचार संपल्यानंतरच्या तपासण्यांचं वेगळं. पहिली दोन वर्षं साधारण तीन-तीन महिन्यांनी, पुढं सहा महिन्यांनी बोलावतात. तिथं मात्र वही उघडून सरळ विचारावं, ‘डॉक्टर, सोंगणी आहे, आठ दिवस मागंपुढं चालेल का?’ त्या तपासणीत बहुधा चालतं, आणि ते डॉक्टरच तारीख बदलून देतात.