सिंचनाच्या पाण्याचे नागरी वापराकडे संक्रमण : मुठा खोऱ्याचे उदाहरण

शेतीकरिता बांधलेल्या धरणाचे पाणी शहराकडे वळते, तेव्हा ते एखाद्या ठळक निर्णयाने वळतेच असे नाही. पुष्कळदा असा निर्णय शोधूनही सापडत नाही. वर्षानुवर्षे थोडी थोडी वाढणारी उचल, एखाद्या अवर्षणात केलेली तात्पुरती सोय व पुढे ती कायम होणे, अशा क्रमाने हे संक्रमण घडत जाते. पुणे शहर व मुठा कालवे ह्यांचा संबंध ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. पुण्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या मुलखाला पाणी देणे हा त्याचा प्रधान हेतू होता. पुणे व खडकी येथील छावण्यांना आणि शहराला होणारा पुरवठा हा त्याला जोडून आलेला होता. म्हणजे नागरी वापर येथे प्रथमपासूनच होता, केवळ तो गौण होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, खडकवासल्यालाही भगदाड पडले, आणि त्यानंतर ह्या खोऱ्याची फेरमांडणी झाली. पानशेत पुन्हा बांधले गेले; वरसगाव व टेमघर ही धरणे पुढे त्यात आली. चारही धरणांची मिळून उपयुक्त साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. नव्या मुठा उजव्या कालव्याची लांबी सुमारे २०० किलोमीटर असून तो हवेली, दौंड व इंदापूर ह्या तालुक्यांत जातो.

इकडे शहर वाढत होते. १९५१ मध्ये पाच लाखांच्या आत असलेली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांवर गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. पाटबंधारे खात्याशी झालेल्या करारात महानगरपालिकेचा वाटा ११.५ अब्ज घनफूट धरला होता. प्रत्यक्ष उचल मात्र अनेक वर्षे १५ अब्ज घनफुटांच्या वर राहिली. ह्या आकड्यांचे माप ध्यानात यावे म्हणून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर एवढे पाणी पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरते. मग ११.५ अब्ज घनफुटांत ६६ लाख लोकांची गरज भागावयास हवी. ती भागत नाही, ह्याचे कारण केवळ लोकसंख्या नव्हे. वितरणातील गळती, मोजणीबाहेरचा वापर आणि व्यापारी व औद्योगिक मागणी हेही त्यात आहेत. ‘पिण्याचे पाणी’ ह्या शब्दाखाली हे सर्वच सामावून घेतले जाते, आणि वादात ह्या शब्दाचे वजन फार मोठे असते.

तथापि सरासरी आकड्यांवरून शेतीवरील परिणाम नीट कळत नाही. शहराची मागणी बारमाही व जवळजवळ स्थिर असते. शेतीला पाणी आवर्तनांनी मिळते. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून वर्षाचे नियोजन होते आणि पुढील पावसाळा लागेपर्यंतचे पिण्याचे पाणी आधी राखून ठेवले जाते. उरेल ते शेतीचे. पूर्ण साठा २९ आणि शहराचा वापर १६ धरला, तर बाष्पीभवन सोडून शेतीस १३ उरतात. एखाद्या वर्षी साठा एक तृतीयांशाने घटून सव्वाएकोणीसवर आला, तर शहराचे १६ वजा जाता शेतीच्या वाट्याला सव्वातीनच राहतात. साठ्यातील तूट एक तृतीयांश, परंतु शेतीच्या पाण्यातील घट तीन चतुर्थांश. पावसाची अनिश्चितता दोघांत वाटली न जाता एकाच्याच माथी येते, हा ह्या संक्रमणाचा खरा गाभा होय.

येथे कालव्याचे स्वतःचे गणित आडवे येते. कालव्यातील पाझर व बाष्पीभवन प्रवाहाच्या प्रमाणात कमी होत नाही. प्रवाह निम्मा केला म्हणून नाश निम्मा होत नाही, त्यामुळे अल्प पाणी सोडले तर ते वरच्या भागातच जिरते. उन्हाळी आवर्तन रद्द होते ते बहुधा ह्याच कारणाने, आणि त्याची पहिली झळ इंदापूरकडील शेवटच्या शेतकऱ्यास लागते. दौंड व इंदापूर ह्या गावांचा पिण्याचा पुरवठाही ह्याच कालव्यावर असल्याने, शेतीचे आवर्तन नसतानाही कालवा अधूनमधून सोडावा लागतो. खडकवासला ते फुरसुंगी हा भाग बोगद्यातून नेण्याची योजना ह्या नाशावर उपाय म्हणून पुढे आली. वाचलेले पाणी कोणाच्या खात्यावर पडणार, हे मात्र स्थापत्यशास्त्र सांगू शकत नाही.

हडपसर, मुंढवा, मांजरी ह्या पट्ट्यातील बागायत घरांखाली गेली, म्हणून तिचे पाणी शहराकडे जाणे स्वाभाविकच आहे, असाही युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यांश आहे. परंतु बुजलेली जमीन कालव्याच्या आरंभाची, तर पाणी तुटते ते शेवटाचे.

धोरणाचा क्रमही येथे बोलका आहे. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर सिंचनाचे स्थान होते. महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतीने उद्योगास शेतीच्या वर बसविले. तो क्रम २०११ मध्ये बदलण्यात आला. त्याच वर्षी ९ ऑगस्टला मावळात पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्गावर आंदोलन केले व पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. शहर तोवरही पवनेचेच पाणी घेत होते; पण ते नदीतून वाहत येई व वाटेतील उपसा योजनांना मिळे. नळातून गेले असता तेच पाणी वाटेतल्या गावांना पारखे होते. किती पाणी घेतले ह्याइतकेच ते कोणत्या मार्गाने नेले, हेही महत्त्वाचे ठरते.

अभ्यासकाने आणखी एक भेद राखणे अवश्य आहे. शहराने उचललेले पाणी शहराने संपविलेले नसते. त्याचा मोठा भाग, साधारणतः चार पंचमांश धरला जातो, सांडपाण्याच्या रूपाने मुळा-मुठेत परततो. करारातही ६.५ अब्ज घनफूट पाणी शुद्ध करून शेतीसाठी परत देण्याची अट होती. मुंढव्याजवळ नदीतून पाणी उपसून ते जुन्या मुठा कालव्यात सोडण्याची व्यवस्था त्यासाठीच उभी राहिली. ह्या जुन्या कालव्याला लोक ‘बेबी कालवा’ म्हणतात. कागदावर हा विनिमय निर्दोष दिसतो. पण धरणाचे स्वच्छ पाणी आणि नदीतले हे पाणी ह्यांत गुणाचा फरक आहे. शुद्धीकरण अपुरे असेल, तर भाजीपाला, विहिरी व जमीन ह्यांवर त्याचा परिणाम होतो. शिवाय ते मिळते जुन्या कालव्याच्या लाभक्षेत्राला. नव्या कालव्यावरील इंदापूरच्या शेतकऱ्याचे आवर्तन त्याने भरून निघत नाही. उरलेले सांडपाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. तेथे ते सोलापूर जिल्ह्याच्या सिंचनाच्या हिशेबात जमा होते, आणि त्या जलाशयावर सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचीही भिस्त आहे.