सात रिकाम्या जागा

"माणसं मोजू नका," दुसऱ्याच दिवशी सर म्हणाले, "रिकाम्या जागा मोजा."

दादरमधल्या एका सहल कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण टूर मॅनेजर व्हायला जमलो होतो. कुणी बीए भूगोल, कुणी हॉटेल मॅनेजमेंट, एक जण बँकेतली नोकरी सोडून आलेला. सगळ्यांच्या डोक्यात आयफेल टॉवर. सरांनी मात्र फळ्यावर बसचा आराखडा काढला. सीट ४९, पर्यटक ४२. "बेचाळीस मोजताना मध्येच कुणीतरी म्हणतं, 'अहो, आमची पाण्याची बाटली वर राहिली,' आणि तुमचे सव्वीस झाले होते की सत्तावीस, हे विसरतं. सातात चूक होत नाही. सात मोकळ्या दिसल्या की निघा. आठ दिसल्या की उतरा."

मला बाबा आठवले. बाबा सांगली डेपोला एसटीत कंडक्टर. गाडी भरली की ते मागून पुढे येत डोकी मोजायचे, वेबिलाशी ताळा घालायचे आणि डबल बेल द्यायचे. त्या कटकटीतून सुटायला म्हणून मी भूगोल शिकले, मुंबई गाठली, आणि इथेही पहिला धडा मोजणीचाच.

प्रशिक्षण तीन महिन्यांचं. जग बघायला निघालेल्या मुलांना पहिले पंधरा दिवस खुर्चीतून उठू दिलं नाही. समोर पासपोर्टांच्या झेरॉक्स. तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम असावं लागतं, आणि आपल्याकडची नावं म्हणजे कसोटी. आपण मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावतो. पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्याच रकान्यात बसलेलं असतं. लग्नानंतर काहींचं आडनाव बदलतं, काहींचं नावही. मग आधार कार्डावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी. 'विद्या' कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने. एवढ्या एका अक्षरापायी कधी विमान कंपनीला विनवण्या कराव्या लागतात, तर कधी नवं तिकीट काढावं लागतं. शेंगेनच्या व्हिसासाठी त्याच झेरॉक्सवर आणखी तपासण्या. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आहे ना? परतीनंतर तो निदान तीन महिने चालेल ना? दोन पानं कोरी आहेत ना? विमा ३० हजार युरोंपेक्षा कमीचा नाही ना? एका जोडीदाराने वैतागून विचारलं, "सर, आपण टूर मॅनेजर की तलाठी?" सर म्हणाले, "आधी तलाठी."

मग विमानतळांचे तीन अक्षरी कोड पाठ करायचे. शहराचं नाव बदलून मुंबई झालं तरी कोड बीओएमच राहिला. पुणे पीएनक्यू. गोव्याला दोन: दाबोळी जीओआय, आणि २०२३ साली सुरू झालेलं मोपा जीओएक्स. एक दक्षिणेला, दुसरं उत्तरेला. शेवटचं एक अक्षर चुकलं की पाहुणे एका विमानतळावर उतरतात आणि त्यांना घ्यायला गेलेली बस दुसऱ्या विमानतळावर उभी असते.

पण या धंद्याचा खरा मंत्र म्हणजे 'सहा-सात-आठ'. सहाला उठवायचं, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. रात्रीच्या जेवणानंतर टूर मॅनेजर माइकवर तेवढंच सांगतो आणि पाहुण्यांना दुसऱ्या दिवसापासून पाठ होतं. कधी पाच-सहा-सात, कधी लाडाचं सात-आठ-नऊ. आम्हाला वाटायचं, मराठी माणसाला शिस्त लागावी म्हणून हा खटाटोप. युरोपच्या तयारीत कळलं, की या आकड्यांमागे ड्रायव्हर बसलेला असतो.

तिकडच्या नियमांत साडेचार तास गाडी हाकली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तास चालवायचं, आठवड्यात दोनदा दहा चालतात. आणि रोज सलग ११ तास आराम. तो काही वेळा नऊ तासांवर आणता येतो, पण ती सवलत सर दवाखान्यासाठी राखून ठेवायला सांगत. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ड्रायव्हर त्यात आपलं कार्ड घालतो आणि मिनिटामिनिटाची नोंद होते. म्हणजे सकाळी पावणेआठला त्याची ड्युटी सुरू झाली, तर रात्री पावणेनऊच्या आत बस हॉटेलच्या दारात लागली पाहिजे. नाहीतर उद्याची पावणेआठ पुढे सरकते. सरांनी फळ्यावर दिवसभराची मिनिटं मांडली. त्यात लघुशंकेला ४२ माणसं आणि दोनच दारं असली तर किती वेळ, याचंही गणित होतं. वर सुट्टी युरोची नाणी खिशात ठेवायची, हा गृहपाठ.

पहिली सहल हिमाचलची, तीही सहायक म्हणून. अटल बोगदा पाहिला का, असं मला कुणी विचारलं तर नऊ किलोमीटरचा तो बोगदा मी बसमध्ये उलट्या तोंडाने पार केला, हेच सांगता येईल. माझ्याकडे बॅगांची मोजणी होती. कुणाचे गुडघे दुखतात म्हणून खालची खोली, कोण जैन, कोणाचा वाढदिवस गुरुवारी. पासपोर्टच्या झेरॉक्स तिथे उपयोगी पडल्या नाहीत. चिवड्याचा डबा पुढे करत शेजारी बसणाऱ्या काकूंकडून सगळी माहिती मिळाली.

दीड वर्षाने युरोपची सहल एकटीकडे आली. तोवर काश्मीर, राजस्थान, थायलंड झालं होतं. या नोकरीत क्रम असतो: आधी देश, मग बँकॉक-सिंगापूर, मग युरोप. लोकांच्या सुट्ट्या हाच आपला हंगाम, त्यामुळे एप्रिल ते जून घरचं एकही लग्न मिळत नाही, दिवाळीचा फराळ दुसऱ्याच्या पिशवीतला. अकरांतले सहा जण तोवर गळाले होते. बँकवाला पहिलाच.

सहाव्या दिवशी सकाळी टिटलिस केलं. तीन हजार मीटरवर बर्फ, गोल फिरणारी केबल कार, शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो. सगळं वेळेत. संध्याकाळी ल्युसर्न. रॉईस नदीवरचा लाकडी चॅपल ब्रिज चौदाव्या शतकातला. १९९३ साली आगीत बराचसा जळाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा केला. एवढं माइकवर सांगितलं, पन्नास मिनिटं मोकळी दिली. "साडेपाचला याच जागी. चुकलात तर शोधत फिरू नका, आहात तिथेच उभे राहा."

साडेपाचला आठ जागा रिकाम्या.

मी पुन्हा मोजलं. आठच. मग आमचा ठरलेला प्रश्न विचारला: "आपल्या पुढचे-मागचे आले का?" मागून एक काकू उठल्या. त्यांचा आवाज आधीच ओला झाला होता. "हे घड्याळं बघत होते. मला वाटलं, बसमध्ये आले असतील." काकांचा मोबाइल काकूंच्याच पर्समध्ये वाजला.

बस तिथे फार वेळ उभी करता येत नाही. ड्रायव्हर पोलंडचा, अबोल. त्याने मनगटावर एकदा टिचकी मारली आणि चक्कर मारायला बस काढली. घड्याळांची दुकानं बघितली, तळ्याचा धक्का बघितला. दहा मिनिटं गेली. तेव्हा मला माझंच वाक्य आठवलं. शोधत फिरू नका. मग मी का फिरत होते? काका शहाणे असतील तर उभे असतील. प्रश्न एवढाच, की आपण चुकलो हे त्यांना कुठे कळलं असेल?

पूल वर छपराने झाकलेला, लांबलचक आणि मधे वाकलेला. आत शिरलं की आपण कोणत्या काठाकडे चाललोय ते पटकन उमगत नाही. मी पूल ओलांडला. पलीकडच्या तोंडाशी काका कठड्याला धरून, शाळेत उभं केल्यासारखे ताठ उभे. "ताई, तुम्हीच म्हणालात ना, हलायचं नाही," ते म्हणाले. चेहरा घामाने डबडबलेला, पण पाय जागचे हलले नव्हते.

बस सुटली तेव्हा पस्तीस मिनिटं गेली होती. रेस्टॉरंटवाल्याला फोन करून ताटं वाढायला लावली, गोडाच्या वेळी होणारी अंताक्षरी बसमध्ये उरकली. हॉटेलच्या दारात आठ चाळीस. ड्रायव्हरने कार्ड काढलं आणि सहा दिवसांत पहिल्यांदा हसला. मी माइक घेतला: "उद्या सहा-सात-आठ."

जूनअखेर घरी गेले. बाबा आता निवृत्त झालेत. पण अजून पाचला उठतात. त्यांना ल्युसर्नची गोष्ट सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पस्तीस मिनिटं? मी पाचात डबल बेल दिली असती."

"तुमच्यामागून दुसरी गाडी यायची, बाबा. माझ्यामागून कुणी येत नाही."

ते जरा वेळ गप्प बसले. मग डेपोत विचारावं तसं विचारलं, "पुढची गाडी कधी?"

"पाच तारखेला. लेह."

"किती?"

"चव्वेचाळीस," मी म्हणाले. "रिकाम्या पाच."