संगणकाच्या जाळ्यावरील पहारा

मुंबईंत नायगांव येथें गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत ज्या बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या, त्यांच्या रचनेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी होती. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, आणि दोहों बाजूंच्या खोल्यांचीं दारें मधल्या एकाच सामायिक बोळांत उघडणारीं. अशा ठिकाणीं दारास कुलूप असणें हें संरक्षणाचें एक अंग झालें. दुसरें, आणि कदाचित् अधिक मोठें अंग म्हणजे शेजाऱ्यांची नजर. दूधवाला केव्हां येतो, रात्रपाळीवरून कोण केव्हां परततो, हें त्या नजरेस ठाऊक असे. म्हणूनच भर दुपारीं तिसऱ्यांदा जिना चढणारा अनोळखी इसम तिच्यांतून सुटत नसे.

संगणकांच्या जाळ्याचें रक्षण करतांना बहुतेक संस्था कुलुपापाशींच थांबतात. फायरवॉल बसविली, पासवर्ड दिले, कीं काम संपलें अशी समजूत असते. अशाच वस्तींतील एखादी पतपेढी घ्या. दहाबारा संगणक, एक सर्व्हर, एक छापयंत्र आणि इंटरनेटची एक जोडणी. या यंत्रांचें आपसांत व बाहेरच्या जगाशीं रात्रंदिवस बोलणें चाललेलें असतें. तें ऐकणारा मात्र कोणी नसतो. हें बोलणें टिपून ठेवणें म्हणजे नेटवर्कची देखरेख, आणि इशारा मिळण्याची वाट न पाहतां त्या टिपणांत आपण होऊन चोराचा शोध घेणें म्हणजे धोक्याचा माग काढणें.

या देखरेखीचें मोल पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ओढवलेल्या प्रसंगावरून कळतें. शनिवार, ता. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यांतील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस होता. त्या दिवशीं कांहीं तासांच्या अवधींत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साह्यानें सुमारें ७८ कोटी, व भारतांतून आणखी अडीच कोटी रुपये काढण्यांत आले. सोमवारीं, ता. १३ रोजीं, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेच्या मार्गानें १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगकडे गेले. एटीएममध्यें कार्ड घातलें म्हणजे ‘एवढी रक्कम द्यावी काय?’ हा प्रश्न स्विच नांवाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य हिशेबाकडे जातो, आणि तेथून होकार आला तरच नोटा बाहेर पडतात. चोरांनीं मालवेअर घुसवून एक तोतया स्विच उभा केला. प्रश्न मुख्य हिशेबापर्यंत पोंचेनात, आणि तोतया परस्पर होकार देत राहिला.

तोतया कितीही हुषार असला तरी त्यास जाळ्यावरूनच बोलावें लागतें. बाहेर हजारों होकार जात आहेत आणि आंत त्यांचे प्रश्न येत नाहींत, ही विसंगति दोन नोंदवह्या शेजारीं ठेवून पाहणाऱ्याच्या नजरेस येण्याजोगी असते. देखरेखीनें अशी चोरी खचित टळते, असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. सुटीच्या दिवशीं नोंदवही उघडणारा माणूसही हवाच.

हिशेब ताडून पाहण्याच्या संवयीनें काय साधतें, याचें जुनें उदाहरण अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचें आहे. तेथें १९८६ सालीं संगणकवापराच्या हिशेबांत ७५ सेंटांची तफावत आली. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञानें ती क्षुल्लक म्हणून सोडली नाहीं. माग काढीत काढीत शोध अखेर पश्चिम जर्मनींतील हॅनोव्हर शहरच्या एका घुसखोरापर्यंत पोंचला. त्याच प्रयोगशाळेंत व्हर्न पॅक्सन यांनीं १९९५ सालीं ‘ब्रो’ ही प्रणाली रचण्यास घेतली. २०१८ पासून तिला ‘झीक’ म्हणतात.

झीक व तिच्या जोडीचीं साधनें एकत्र गुंफून डग बर्क्स यांनीं २००८ सालीं आरंभिलेला संच ‘सिक्युरिटी अनियन’ या नांवानें विनामूल्य मिळतो. अनियन म्हणजे कांदा. पापुद्र्यावर पापुद्रा, तसे संरक्षणाचे थर. यांतील सुरिकाटा हें साधन ज्ञात चोरांच्या खुणा जवळ बाळगतें व तशी खूण दिसतांच इशारा देतें. झीक मुख्यतः रोजनिशी लिहिते. कोणतें यंत्र कोणाशीं, किती वाजतां, किती वेळ बोललें, किती मजकूर गेला, हें सारें तींत येतें. शिवाय मूळ पॅकेटेंही जशींच्या तशीं साठवितां येतात. मजकूर गुप्तलिपींत असला तर आंतील शब्द कळत नाहींत. परंतु पाकीट न फोडतांही टपालवाल्यास पत्ता, वजन व शिक्का दिसतो, तितकें ज्ञान उरतें, आणि पुष्कळदां तेवढें पुरतें.

आरंभ करणाऱ्यानें थेट संस्थेच्या जाळ्यास हात लावूं नये. संचांत ‘इम्पोर्ट’ नांवाची लहान मांडणी आहे. तींत पूर्वीं टिपलेल्या पॅकेटांची फाइल घालून निवांतपणें अभ्यास करतां येतो. हात बसल्यावर स्वतंत्र यंत्र घेऊन त्यास दोन नेटवर्क कार्डें बसवावीं. एक कारभारासाठीं, दुसरें केवळ ऐकण्यासाठीं. दुसऱ्यास पत्ता देत नाहींत, म्हणजे तें मुकें राहतें. जाळ्याच्या तारा ज्या पेटींत येतात (तिलाही स्विचच म्हणतात, हा नांवांचा घोटाळा लक्षांत ठेवावा), तिच्या एका पोर्टवर साऱ्या वाहतुकीची प्रत सोडण्याची सोय चांगल्या पेट्यांत असते. ती प्रत या कार्डास द्यावयाची. कान कोठें लावावा हा खरा प्रश्न. फायरवॉलच्या बाहेर लावला तर साऱ्या जगाचा गलका ऐकूं येतो. आंतल्या बाजूस लावला तर आपल्या कोणत्या यंत्रानें काय केलें तें कळतें. लहान संस्थेनें आंतली बाजू धरावी.

साठ्याचा हिशेब आधींच करावा. सेकंदास १०० मेगाबिट वेगाची जोडणी भरून वाहिली तर दिवसास १,०८० गिगाबाइट मजकूर होतो. म्हणून मूळ पॅकेटें थोडे दिवस व झीकचीं टिपणें कित्येक महिने ठेवावयाचीं. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांत नोंदी १८० दिवस जपण्यास व घड्याळें प्रमाणवेळेशीं जुळविण्यास सांगितलें आहे. घड्याळाची अट किरकोळ वाटते. पण दोन वह्यांत पांच मिनिटांचें अंतर पडलें तर आधीं चोर आला कीं आधीं दार उघडलें, हेंच ठरत नाहीं.

पहिल्या आठवड्यांत इशाऱ्यांचा पाऊस पडतो, आणि नवशिका कंटाळून सारेच बंद करतो. तसें न करतां एकेक इशारा तपासावा, व निरुपद्रवी ठरला तर कारण लिहूनच तो दाबावा. खरा माग पुढें साध्या प्रश्नांनीं निघतो. रात्रीं दोन वाजतां, पतपेढी बंद असतांना, कोणतें यंत्र बाहेर बोलतें? दर साठ सेकंदांनीं न चुकतां एकाच परक्या पत्त्यास साद घालणारें कोणी आहे काय? माणूस इतका नियमित नसतो. उत्तर बहुधा निरुपद्रवी निघतें. तरी तें लिहून ठेवावें, कारण नेहमींचें काय याची यादी त्यांतूनच होते.

हा पहारा सहकाऱ्यांच्या व्यवहारावरही पडतो. म्हणून व्यवस्थापक मंडळाचा लेखी ठराव करून व कर्मचाऱ्यांस आधीं कळवूनच तो बसवावा. दुसऱ्या शनिवारीं नोंदवही कोण उघडणार, त्याचें नांवही त्याच ठरावांत घालावें.