लढल्या आणि लिहित्या झाल्या (भाग ७) : लग्नगडी

सालगडी म्हणजे काय, हे हिंगोली-कळमनुरीच्या वाचकाला सांगायला नको. पाडव्याला साल ठरतं. धान्य किती, रोख किती, उचल किती, हे बोलून होतं आणि पुढचा पाडवा येईस्तोवर गडी त्या घरचा. नाही पटलं तर पुढच्या पाडव्याला दुसरं घर, असं म्हणायची निदान सोय तरी असते. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पहिल्यांदा वाचताना मी ‘लग्नगडी’ या शब्दाशी अडखळलो. या गड्याला पाडवाच नव्हता.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्ट्यात, वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडेफार पैसे उचलायचा आणि त्याबदली त्याच्याकडे राबायला लागायचा. फेड काही व्हायची नाही, कारण वही जमीनदाराची आणि हिशेबही त्याचाच. लग्न होऊन आलेली बायकोसुद्धा त्याच कर्जापोटी राबायची. शिवाय बोलावलं की फुकट जायची ती वेठ वेगळीच.

या रानात जाऊन पोचलेली गोदावरी पुण्याच्या गोखल्यांची. वडील नामांकित वकील, गोपाळ कृष्ण गोखले नात्यातले. तिनेही कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात ती घेणारी ती पहिली स्त्री मानली जाते. १९३२ साली सत्याग्रहात तुरुंगात गेली, ते घरी रुचलं नाही आणि घर सुटलं. मुंबईला भारत सेवक समाजात ती पहिली स्त्री आजीव सदस्य झाली. प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकामगारांना संघटित केलं. १९३९ मध्ये श्यामराव परुळेकरांशी लग्न आणि त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश. सप्टेंबरात दुसरं महायुद्ध पेटलं. युद्धविरोधी प्रचारापायी १९४० ते १९४२ हा काळ तिचा तुरुंगात गेला.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगून टाकतो. युद्धकाळातला लढा म्हटलं की आपल्याला बेचाळीस आठवतं. पण जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला पाठिंबा दिला आणि ‘चले जाव’पासून तो बाजूला राहिला. गोदावरीबाई त्याच पक्षात होत्या. पक्षावरचा तो ठपका आजही पुसलेला नाही आणि पुसायचं कारणही नाही. मात्र युद्ध संपत आलं, त्या वर्षी त्या कुठे उभ्या होत्या हेही पाहायला हवं.

७ जानेवारी १९४५. टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. गोदावरीबाई त्यासाठी आधी गावोगाव फिरल्या होत्या. झरी गावचा माह्या धांगडा पंधराएक वारल्यांना घेऊन आला. परिषद हजारोंची, त्यात हे पंधरा जण. पण परत जाताना ते लाल बावटा घेऊन गेले आणि बातमी पाड्यापाड्यांत पोचली. २३ मे रोजी झरीला सभा झाली, तेव्हा सुमारे ५,००० आदिवासी जमले. ठराव अगदी साधे होते : वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचं नाही, कुणाला मारहाण झाली तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. काही आठवड्यांतच लग्नगडी मोकळे होऊ लागले. वकिली शिकलेल्या बाईने हे कोर्टाच्या पायरीवर नाही, पाड्यावर बसून केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

ऑक्टोबरात गवतकापणीचा हंगाम आला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. जमीनदारांनी नकार दिला आणि संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला अफवा पसरली की गोदूताई, म्हणजे गोदावरीबाई, येणार आहेत. हजारो माणसं गोळा झाली. गोदूताई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. त्यानंतर परुळेकर पतिपत्नीला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. महायुद्ध संपून तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

हे सगळं त्यांनी लिहिलं ते पंचवीस वर्षांनी. पुस्तक आलं १९७० साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९७२ साली. आत्मचरित्र समजून उघडलं तर लेखिका फारशी हाती लागत नाही. पुढे येतो तो वारली. शीर्षकातही ‘मी’ नाही, ‘माणूस’ आहे. पुस्तक येण्याआधी पुन्हा दीर्घ तुरुंगवास आला होता. श्यामराव १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. तुरुंगातल्या दिवसांवरचं गोदावरीबाईंचं पुस्तक ‘बंदिवासाची आठ वर्षे’. ते मला पहिल्याइतकं धरून ठेवत नाही, कदाचित त्यात तो जंगलपट्टा नाही म्हणून.

गोदावरी परुळेकर ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेल्या. तलवाड्याच्या हुतात्म्यांचा दिवस दोन दिवसांवर आला होता.