उजळणारी वाट आणि आपली सायकल

रब्बीच्या दिवसांत शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली, की हरभऱ्याला पाणी द्यायला सायकल काढून वावराची वाट धरावी लागते. मोताळा असो, मेहकर असो की संग्रामपूर, गावाची वेस ओलांडली की दिवे संपतात. अशा वेळी वाटच आपली आपण उजळली असती तर किती बरे, असे आपल्याही मनात आले असेल. वाचकहो, अशा वाटा जगात खरोखर झाल्या आहेत. त्यांची हकीकत ऐकण्याजोगी आहे, आणि तिच्यातून आपल्या कामाचेही काही निघते.

हॉलंडमध्ये आइंडहोवन शहराजवळ न्यूनेन नावाचे गाव आहे. चित्रकार व्हॅन गॉग तेथे काही काळ राहिला होता. 2014 साली डान रोझेगार्ड या कलाकाराने त्या भागात सायकलींसाठी एक वाट सजवली. तिच्यात बसवलेले खडे दिवसा उजेड साठवतात आणि रात्री चांदण्यांसारखे चमकतात. पोलंडमध्येही 2016 साली लिझबार्क वार्मिन्स्की गावाजवळ 100 मीटर लांबीची निळी वाट झाली. दिवसभर उजेड मिळाला तर ती 10 तासांपर्यंत चमकेल, असे ती बांधणाऱ्यांचे म्हणणे होते.

यात जादू काही नाही. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट नावाची एक भुकटी असते. तिच्यात युरोपियम व डिस्प्रोशियम ही मूलद्रव्ये अगदी थोडी मिसळलेली असतात. उजेडातली शक्ती ती धरून ठेवते आणि अंधारात हळूहळू सोडते. भरलेल्या रांजणाला बारीक छिद्र असावे, तसा हा प्रकार. प्रथम धार जोरात येते, मग ती मंदावत जाते. म्हणून दिवेलागणीला झगझगीत दिसणारी वाट पहाटे अंधुक झालेली असते.

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला लोक ‘रेडियम’ म्हणतात. खरे रेडियम क्युरी पती-पत्नींनी 1898 साली शोधले. पुढे घड्याळाच्या तबकड्यांना त्याचा रंग लावणाऱ्या अमेरिकेतील कामगार मुलींना त्यापायी जीवघेणे आजार जडले. वर सांगितलेल्या भुकटीत तसला किरणोत्सर्ग नाही. आणि सायकलच्या दुकानात मिळणारी ‘रेडियमची पट्टी’ तर तिसरीच वस्तू आहे. ती स्वतः चमकत नाही. तिच्यावर पडलेला उजेड ती आला त्याच दिशेला परत पाठवते.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण जीव वाचण्याचा प्रश्न येथेच आहे. उजळणारी वाट सायकलवाल्याला सांगते, की वाट इकडे आहे, खड्डा तिकडे आहे. पण मागून येणाऱ्या ट्रकच्या झगझगीत दिव्यांपुढे तो मंद उजेड फिका पडतो. सायकलवाला ट्रकवाल्याला दिसतो तो मागच्या लाल पट्टीने. अशा वाटा खर्चिकही आहेत. मलेशियात 2023 साली सेमेन्यिह येथे 245 मीटर रस्त्यावर चमकणारे पट्टे आखले. साधा रंग चौरस मीटरला 40 रिंगिट, तर हा 749 रिंगिट! परवडत नाही म्हणून 2024 साली तेथील सरकारने हे काम पुढे नेण्याचे थांबवले. आपल्या काळ्या मातीचा चिखल अशा वाटेवर बसला, तर तिच्यापर्यंत उजेड तरी कसा पोचावा?

तेव्हा वाट उजळण्याची वाट पाहत बसू नका. सायकलच्या मागच्या मडगार्डवर लाल आणि पुढे पांढरी पट्टी लावा. पायडलांना पिवळी पट्टी अवश्य हवी, कारण ती खालीवर हलते आणि दुरून चटकन नजरेत भरते. बंडी व ट्रॉलीच्या मागे दोन्ही टोकांना लाल पट्ट्या असाव्यात, म्हणजे मागच्याला रुंदीचा अंदाज येतो. कडब्याने किंवा दप्तराने त्या झाकल्या जात नाहीत ना, तेही पाहा. वावराच्या वाटेवर वळणाचे दगड चुन्याने रंगवा. बॅटरीच्या उजेडात ते ठळक दिसतात. चमकणारी पट्टी मिळालीच, तर ती दिवसा उजेड लागेल अशा जागी लावा. बंद खोलीतल्या स्टार्टरवर ती काही कामाची नाही. आणि विहिरीला कठडाच हवा, तेथे पट्टीवर भागवू नये.

आज रात्रीच एक परीक्षा करून पाहा. सायकल अंगणात उभी करा, पन्नास पावले मागे जा, बॅटरी डोळ्याजवळ धरून उजेड टाका. लाल पट्टी लख्ख दिसली तर ठीक. मिटमिटली तर आधी ओल्या फडक्याने धूळ पुसा, आणि तरीही दिसली नाही तर पट्टी बदला. मुलगी उद्या संध्याकाळी त्याच सायकलने शाळेतून परतणार आहे.