खोपोलीलाच विरायला हवा होता तो वास

शिरढोणला टपरीवर चहा सांगितला. काका ग्लास विसळता विसळता थांबले आणि म्हणाले, "गाडीचं काहीतरी जळतंय बघा." त्याच गाडीतून आम्ही चौघं पुण्याहून आलो होतो, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावात जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचं घर पाहायला. वास मात्र एकालाही आला नव्हता.

यात आमच्या नाकांचा दोष नव्हता. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं. पण नाकाला बदलाचं वेड. तोच वास काही मिनिटं येत राहिला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून जळका वास गाडीत बसलेल्यांच्या आधी बाहेरच्याला कळतो.

"घाटात ब्रेक दाबत आलो, त्याचाच असेल," मी म्हणालो. खंडाळ्याचा घाट उतरताना हा वास कोणाला नवा नाही. पण त्यामागचा हिशेब थक्क करणारा आहे. लोणावळा ते खोपोली उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट १,२०० किलोची गाडी एवढी खाली आली की जवळपास ६५ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत साधं २२ लिटर पाणी, म्हणजे मोठी बादली भरून, उकळीला येईल. याच उतारावरून लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ पासून खोपोलीत वीज केली आणि ती मुंबईला पुरवली. ज्या उंचीवर मुंबईतले दिवे लागले, ती उंची आपण चार चाकांच्या पॅडवर घासून संपवतो.

पॅडमधले कण एकत्र धरून ठेवतं ते फिनॉलिक रेझिन. जुन्या घरांतली काळी बटणं ज्या बेकेलाइटची असायची, त्याचंच हे भावंड. ब्रेक अतोनात तापला की रेझिन करपायला लागतं आणि त्याचा तिखट, नाकात बसणारा वास सुटतो. क्लच प्लेटमध्येही रेझिन असतंच, म्हणून चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली तरी तसाच वास येतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये आलं, तर बराच भार इंजिन पेलतं आणि पॅडना उसंत मिळते.

माझ्या उत्तरात एक भोक होतं. खोपोलीनंतर पाऊण तासाचा सपाट रस्ता, पुढे पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्ग. एवढ्या वाऱ्यात ब्रेक केव्हाच निवायला हवे होते. म्हणजे वास घाटातला उरलेला नव्हता, नवा तयार होत होता. पाय ब्रेकवर नसताना!

बोलावलेला मिस्त्री आधी बॉनेटकडे गेलाच नाही. चारही चाकांपाशी वाकून त्यानं हाताची मागची बाजू रिमजवळ नेली, न टेकवता. पुढच्या डाव्या चाकाशी हात झटकन मागे आला. "हे चिकटलंय." मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यानं अडवलं: तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते. अर्धा तास थांबून जॅक लावला. उजवं चाक हातानं फिरलं, डावं हलेना.

ब्रेकचा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पाय काढला की त्यानं सैल पडायचं आणि पॅडनं डिस्क सोडायची. आमच्या पिनेवरचं रबरी बूट फाटलं होतं. आत पाणी जाऊन गंज धरला आणि पॅड डिस्कला घासतच राहिला. इंजिन गाडी ओढत होतं, ब्रेक अडवत होता आणि त्या भांडणातून उष्णता निघत होती.

मग मिस्त्रीनं वासांची बाराखडीच ऐकवली. गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. तेलकट धूर असेल तर पॅकिंगमधून ऑइल तापल्या सायलेन्सरवर ठिबकतंय. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे बघा. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर खाली चिकटलेली पिशवी शोधा. ती नसेल तर वायर समजा, इंजिन बंद करा, सगळे बाहेर पडा. फ्यूज उडतो म्हणून मोठ्या क्षमतेचा बसवायचा नाही, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळते.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता. असे पॅड नीट पकडत नाहीत आणि बदलायचे तर जोडीनं, डावे-उजवे दोन्ही. पिना पॉलिश पेपरनं घासून, उष्णता सोसणारं ग्रीस लावून, नवी बुटं चढवली. जुनं फाटकं बूट मिस्त्रीनं माझ्या तळहातावर ठेवलं. करंगळीच्या पेरावर टोपीसारखं बसेल, एवढंसं.

निघताना काकांना विचारलं, "आता?"

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हुंगलं आणि म्हणाले, "आता नुसता माझा चहाच."