रूट ६६ वरचे चर

कॅलिफोर्नियातून जाणाऱ्या जुन्या रूट ६६ वर अँबॉय हे गाव आहे. १९७० च्या दशकात इंटरस्टेट ४० झाला आणि गाव ओस पडलं. प्रवासी थांबतात ते रॉयज मोटेलच्या १९५९ सालच्या पाटीचा फोटो काढायला. पण खरा उद्योग शेजारच्या ब्रिस्टल नावाच्या कोरड्या तळ्यातल्या लांबलचक चरांमध्ये चालतो. चरांत जमिनीखालचं खारं पाणी साठतं. ते उन्हाने आटू लागलं की साधं मीठ आधी तळाशी बसतं. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात कितीतरी जास्त विरघळतं, म्हणून ते मागे उरतं. आपल्याकडच्या मिठागरांत मीठ काढल्यावर उरलेलं पाणी बहुधा सोडून देतात. इथे त्या पाण्यालाच भाव! हा क्षार हवेतला ओलावा शोषून कच्च्या रस्त्यांची धूळ बसवतो आणि उणे २० अंशांतही बर्फ वितळवतो. गावाचा रस्ता ओस पडला, पण इतर रस्ते या क्षारावर चालू आहेत.